आजोबांच्या मानेचा पट्टा

मुक्ता, ईशान,

आजोबांच्या मानेला पट्टा माझ्यामुळे लागला. काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, तर ते "आजीला विचारा" म्हणून खुशाल चहा पीत बसले. म्हणून हे लेखी देते आहे.

आजोबा रोज सकाळी गॅलरीतल्या तुळशीची पानं खुडून तशीच तोंडात टाकतात. (धुऊन देते म्हटलं, तर "तुळस कसली धुतेस?") त्या सोमवारी त्यांनी पानं खाल्ली आणि मला त्याच फांदीवर ती दिसली. बिनशंखाची गोगलगाय! बोटभर लांब, काळी, पानापानावर चकचकीत रेघ ओढून बसलेली.

मी फोनवर शोधलं. शोधायला नको होतं! उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत म्हणे या गोगलगायींत वाढतो. माणसाच्या पोटात गेला तर थेट मेंदू गाठतो. लक्षणं : डोकेदुखी, ताठ मान.

"अहो, हनुवटी छातीला लावा."

"का?"

"लावा म्हणते ना!"

लागली. पण तासाभरानं? मी दर तासाला त्यांची मान वाकवून बघू लागले. तेवढ्यात शेजारच्या परबवहिनी डोकावल्या. "अगो बाय माझे! मीठ टाका हो, मीठ!" मी अख्खी बरणी कुंडीत उपडी केली.

मंगळवारी सकाळी म्हटलं, "हनुवटी."

"वाकत नाही गं," आजोबा म्हणाले.

मी पर्स उचलली. मग टॅक्सी! परळच्या दवाखान्यापर्यंत मी त्यांचा हात घट्ट धरून होते. (चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.)

डॉक्टरांनी नीट तपासलं. "आजी, त्या जंताची लक्षणं अशी रातोरात दिसत नाहीत. ताप आला, डोकं दुखलं, तर लगेच या. आणि पानं यापुढे धुऊनच खायची. ही मान मात्र नुसती आखडली आहे. काल काही व्यायाम केलात का, आजोबा?"

मान वळेना, म्हणून आजोबा खुर्चीसकट माझ्याकडे वळले. "केला नाही. करवून घेतला!"

डॉक्टर हसले आणि त्यांनी मानेला पट्टा लावून दिला. मला हसू यायला पुढे बरेच आठवडे लागले. तोवर मी रोज विचारत होते, "डोकं दुखतंय का?" आणि रोज उत्तर येत होतं, "तू विचारलंस की दुखतं."

मान कधीच बरी झाली. पट्टा ते आल्यागेल्याला माझी गोष्ट सांगण्यापुरता घालतात.

तर आजोबा ठणठणीत आहेत. गोगलगायही आहे, काल परबवहिनींच्या कढीपत्त्यावर दिसली. एवढ्या सगळ्यात माझ्या मिठानं मेली ती फक्त तुळस.