आवळलेली रक्तवाहिनी

आमच्या बालाघाटात रक्त दिसलं की आवळायचं, हाच धर्म. घरी चिंधी आवळतात, दवाखान्यात चिमटा. लामता गावाहून आलेल्या एका बाईचंही तेच झालं होतं. तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कापायच्या कुट्टी मशीनमध्ये तिचा उजवा अंगठा तुटला. नवऱ्यानं तो पिशवीत घालून बर्फावर ठेवून आणला, शाबास त्याची! पण वाटेतल्या दवाखान्यात कुणीतरी रक्त थांबवायला रक्तवाहिनीवर साधा जाड चिमटा दाबून बसवला होता.

"म्याडम, रोवणा तोंडावर आला," ती म्हणाली. "अंगठ्याबिगर धानाचं रोप चिखलात दाबू कशी?"

"जोडू," मी म्हटलं.

भूल देणारे आमचे डॉक्टर वयानं मोठे, अधिकारानं रागावले. "काहून जिद्द करून राह्यली तू? नागपूरले पाठव."

"नागपुरातूनच शिकून आले ना मी!" मी फटकारलं.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि डोकंच फिरलं. रक्तवाहिनीच्या आत दुधावरच्या सायीसारखं पातळ अस्तर असतं. चिमटा घट्ट बसला की ते सोलवटतं आणि नेमकं तिथंच रक्त गोठतं. बाहेरून नळी धडधाकट, आतून सत्यानाश! हे असंच जोडलं असतं तर अंगठा काळा पडला असता.

चिरडलेला भाग मी कापत गेले, आतलं अस्तर नितळ दिसेपर्यंत. आता टोकं एकमेकांना पुरेनात.

"झालं कल्याण," डॉक्टर पुटपुटले.

मी ऐकलंच नाही. मनगटाजवळची बारीक शीर काढून मध्ये सांधली. माझे चिमटे इवलेसे, रक्त जेमतेम अडेल इतकाच दाब देणारे. टाके पूर्ण होताच तेही काढले.

अंगठा पांढराच होता.

"जरा दाबून पाह्य ना," डॉक्टर म्हणाले.

"कोणी हात लावायचा नाही! डिवचली तर शीर आकसेल," मी ओरडले.

आम्ही नुसते बघत राहिलो. हळूहळू नखाखाली गुलाबी रंग चढला.

"हौ बाई, जमलं तुले," डॉक्टर म्हणाले. मास्कच्या आत मी हसतही होते, रडतही होते. जिंकलो होतो आम्ही!

पुढच्या वर्षीच्या रोवण्यात ती तपासणीला आली, नखांत चिखल तसाच. अंगठ्याला जाणीव आली का, हे पाहायला मी सुई घेतली. तिनं माझा हात बाजूला सारला.

"राहू द्या ते सुई. सकाळी धानाच्या बांधीत उतरली, तं चिखल थंडा लागला अंगठ्याले."