बांध पाणी पितो

अलिबागजवळच्या खारेपाटातल्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवत होते. मुलं कविता पाठ करायची, अलंकार ओळखायची आणि परीक्षा संपली की विसरून जायची. कविता त्यांना आपली वाटावी म्हणून एका श्रावणात मी सगळ्यांना पुस्तक मिटायला लावलं. घरी रोज कानावर पडणारा एक आवाज निवडा आणि त्यावर चार ओळी लिहा, असं सांगितलं.

बहुतेकांनी समुद्राची गाज लिहिली. तिथून समुद्र इतका लांब, की गाज कुणालाच ऐकू येत नव्हती. फक्त मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीने लिहिलं होतं:

भरतीला बांध पाणी पितो,
घोट घोट ऐकू येतं.
बाबा कान लावून बसतात,
घरात कोणी बोलत नाही.

मी हरखून गेले. ओळी फळ्यावर लिहिल्या, खाली ‘चेतनगुणोक्ती’ लिहून निर्जीव बांधाला तहान कशी लागली ते समजावलं. ती अर्धवट उठली. “बाई, तसं नाय ते,” एवढंच म्हणाली आणि सगळा वर्ग वळून बघतोय म्हटल्यावर खाली बसली.

खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिच्या गावाला मातीचा बांध होता आणि तिचं घर त्याला लागूनच. मी घाटावरची. माझ्या लेखी तो बांध म्हणजे संध्याकाळी पाय मोकळे करायची वाट.

ती दर आठवड्याला लिहून आणू लागली. बांध आता पीत नाही, गिळतो. मग, बांधाला आतल्या अंगाला घाम फुटलाय. मी त्या कविता व्हरांड्यातल्या फलकावर लावल्या. तिथे त्या आमच्या शिपायाने वाचल्या. तो तिच्याच गावचा. वर्गाच्या दाराशी येऊन हळूच म्हणाला, “बाई, ही कविता न्हाय. बांधाला भोक पडलंय. पोरगी तेच सांगते हाय.”

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. तिचे वडील बांधाच्या ओल्या अंगात पेंढा आणि चिखल दाबत होते. बांधांची कामं बघणाऱ्या कचेरीत दोन अर्ज देऊन झाले, पावसाळा संपल्यावर बघू म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मग मला खाली बसून ऐकायला सांगितलं. मातीच्या आतून, न थांबता, कुणीतरी पाणी प्यावं तसा आवाज येत होता.

“हे कधीपासून?” मी तिला विचारलं.

“पहिल्या कवितेच्या आधीपास्नं,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतर्फे अर्ज लिहिला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि स्वतः त्याच कचेरीत नेऊन दिला. तिथल्या माणसाने तो नीट वाचला आणि अवसेचं उधाण ओसरलं की माणूस पाठवतो म्हणाला. अवस चार दिवसांवर होती.

अवसेच्या दिवशी तिचा बाक रिकामा होता. दुपारच्या सुट्टीआधी रस्त्यावरून माणसं धावताना दिसली. खांड पडली होती, बांध फुटला होता. आम्ही मुलांना वरच्या मजल्यावर नेलं. खिडकीतून मला पाणी दिसलं. लाटा नव्हत्या, आवाज नव्हता. हिरव्या भातावरून ते नुसतं चालत येत होतं.

तिच्या वडिलांनी घरच्यांना आणि शेळ्यांना सकाळीच बाहेर काढलं होतं. जीव वाचले. शेतं खारी झाली.

ती दहा दिवसांनी शाळेत आली, दाखला न्यायला. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, की त्या पहिल्याच दिवशी मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं.  ती म्हणाली, “तुमी खूश झालात ना, म्हणून मी लिवत गेले.”

ते लोक उरणला मामाकडे राहायला गेले. वडील न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या ट्रेलरवर कामाला लागले, असं शिपायाकडून कळलं. मी अजून मुलांना आवाजावर लिहायला सांगते, पण वही तपासण्याआधी प्रत्येकाला विचारते, हे खरंच ऐकलंस का.

खांड दिवाळीनंतर बुजवली, तीही कशीबशी; भरतीचं पाणी अजून आत झिरपतं. त्या शेतांत आता तिवरं, खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, उगवली आहेत. गेल्या वर्षी ती झाडं बांधाच्या कडेला होती. यंदा घरांपासून दोन शेतांवर येऊन ठेपली आहेत.