सशाच्या पोटावरचा पट्टा

हमीदभाई गेल्याचं मला मोखाड्याला एका बैठकीत कळलं. जव्हारला पोचलो तोवर दफन झालं होतं. मला वेळेवर काही करू देतील तर ते हमीदभाई कसले...

जव्हारच्या बाजारात ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि मागच्या खोलीत सागाच्या फळ्यांवर प्राणी कोरून कागदावर छाप काढायचे. त्याआधी, एकाहत्तरच्या युद्धात, ते लष्कराची खेचरं हाकत होते. पोशेऱ्याच्या खाचरातला खेकडा असो की सूर्यमाळचं भेकर, त्यांच्या प्रत्येक प्राण्याच्या पोटावर ओझ्याचा पट्टा असे. पट्टा आणि पोट यांच्यात थोडी फट. ठाण्यात त्यांचं प्रदर्शन व्हावं म्हणून मी वर्षभर खेटे घातले. कलादालनाच्या मालकांना चित्रं आवडली, फक्त पट्टे नको होते.

"भाई, ससा ओझं वाहतो का?"

"नाही वाहत. म्हणून तर त्याचा जास्त ढिला ठेवलाय."

"मग काढूनच टाका ना."

भाभी आतून म्हणाल्या, "ऐकायचे नाहीत हो ते. माझ्या बांगडीतसुद्धा दोन बोटं घालून बघतात."

प्रदर्शन बारगळलं. मी तावातावाने बोललो, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. उभी चढण होती, मोती नावाच्या खेचरीच्या पाठीवरचं ओझं सरकत होतं. साहेब म्हणाले, आवळ. हमीदभाईंनी तिच्या पोटाला गुडघा टेकवून पट्टा आवळला.

"वर पोचलो. सामान जागच्या जागी. मोती खाली बसली... सैल करायला गेलो, तर पट्ट्याखाली बोट शिरेना."

हे त्यांनी आधी सांगितलं असतं, तर मी ठाण्यात काहीतरी बोलू शकलो असतो. "लिहू का?" मी विचारलं.

"नको. छापायचं ते मी छापलंय."

परवा भाभींनी सशाची फळी मला दिली. मी ती मोटरसायकलच्या मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधली. भाभी पायरी उतरून आल्या, दोरीखाली बोटं घालून पाहिली. शिरली नाहीत.

"सैल करा," त्या म्हणाल्या.

मोखाड्यापर्यंत फळी मागे खडखडत होती. घाटात पडलीसुद्धा. वैतागून उतरलो, उचलली, पुन्हा बांधली. सैलच.