फॉल्टचा वास

मोतीराम लाइनमन फॉल्ट शोधायला निघाला की आधी नाक वर करून दोनदा हुंगायचा. "मले वास येते फॉल्टचा," म्हणायचा. आरमोरीकडच्या आमच्या सबस्टेशनात या नाटकाला लोक दाद देत. मला त्या माणसाची पहिल्यापासून शिसारी यायची.

जंगल फीडर, म्हणजे जंगलातून जाणारी लाइन, ट्रिप होऊन बंद पडला की आम्ही बाकीचे रीतीने जात असू. मधला स्विच उघडायचा, अलीकडची अर्धी लाइन चालू करून पाहायची. ती टिकली की दोष पलीकडे. मग तारेखालून पायी चालत फांदी, फुटलेला इन्सुलेटर शोधायचा. तिकडे धानाचे पंप बंद, शेतकरी फोनवर शिव्या घालताहेत आणि आम्ही काटे तुडवतोय. मोतीराम मात्र स्विचला हातही न लावता मोटारसायकलवरून सरळ जंगलात शिरायचा, एकटाच. कुणी सोबत निघालं तर म्हणायचा, "तुमी काऊन तकलीफ घेता? बसा, चाय प्या." तासाभरात परत. "येल पडला व्हता." साहेबांनी कौतुकाने त्याला शाल दिली. हा बहाद्दर ती भर उन्हाळ्यातही खांद्यावर मिरवायचा.

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी मी ड्युटीवर होतो. जंगल फीडर ट्रिप झाला. मी खुर्चीतून उठतो तोच त्याचा फोन. "लाइन घेऊ नोको भाऊ, मी घरून निघून राह्यलो."

त्याचं घर दुसऱ्या फीडरवर. तिथली वीज चालू होती. मग आमची लाइन गेल्याचं याला घरबसल्या कळलं कसं? मी सांगेपर्यंत लाइन परत चालू करायची नाही, असं जोडीदाराला बजावून मी दुचाकी काढली आणि तारेच्या कडेकडेने जंगलात शिरलो.

जंगलातल्या तळ्याजवळ त्याची मोटारसायकल उभी होती. आत झाडीत मोतीराम बारीक तार गुंडाळत होता. रानडुकरं मारायला त्याने आमच्याच लाइनवर आकडा टाकून जमिनीलगत करंट लावला होता. डुक्कर तारेला लागलं की फीडर ट्रिप व्हायचा. हाच त्याचा वास! आजचा फोनही त्याने घरून नव्हे, इथूनच केला होता. त्या सकाळी तारेला लागली होती मोहफुलं वेचायला आलेली धुरपताबाई. टोपली उपडी पडलेली, उजवा हात कोपरापर्यंत काळा. पण ती कण्हत होती.

"मोतीराम, बाई जित्ती हाय ना बे!"

"दिसून राह्यलं मले. आधी तार गुंडाळू दे."

त्याच्या आवाजात नुसती कामाची घाई होती. इतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या खांद्यावरची शाल मी ओढून घेतली, बाईला तिच्यात गुंडाळलं आणि रस्त्यावरची जीप थांबवून दवाखाना गाठला. बाई वाचली. हात गेला.

साक्षीच्या दिवशी तो कोर्टाच्या पायऱ्यांवर पोलिसांच्या मध्ये उभा होता. मला पाहून चक्क हसला. "माह्याबगर फॉल्ट कोन काढते रे तिथी?"

मी काही बोलणार, तोवर शेजारी उभ्या असलेल्या धुरपताबाईने डाव्या हाताने पदर सारखा केला.

"आता लाइन जातच नाई, बाप्पा," ती म्हणाली.