मनोहरभाऊंच्या दारातला डबा

अकरा वर्षं मी रविवारच्या उपासनेत गालात तंबाखूचा खर्रा धरून बसलो आणि गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवले. मूर्खपणा होता, दुसरा शब्द नाही. हे सगळं पुन्हा आठवलं, कारण गेल्या महिन्यात धानोऱ्याच्या बसचा कंडक्टर आमच्या बांबू डेपोच्या फाटकापाशी गाडी हळू करून खिडकीतून ओरडला, "दिवाकरभाऊ, तुमचे टेलर गेले ना जी!" मनोहरभाऊ गेले. अशा वेळी माणसाला रडू येतं. माझी आधी तीन बोटं तोंडात गेली. उभी धरून, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे... तिन्ही गेली. मग मी रडलो.

मनोहरभाऊ धानोऱ्यात शिवणकाम करायचे. दर रविवारी सकाळी मशीन भिंतीला सरकवायचे, चिंध्या झाडून सतरंजी टाकायचे आणि त्या टिनाच्या दुकानातच आमची बारा-पंधरा जणांची उपासना व्हायची. दारात वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा असे. आमच्याकडे खर्रा न खाणारा माणूस शोधायला निघालात तर चपला झिजतील. पानठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतो. एकदा गालात धरला की अर्धा दिवस निघतो. म्हणून भाऊंचा नियम होता : गाण्याआधी सगळ्यांनी डब्यात थुंकायचं, चूळ भरायची, मगच आत. पहिले तेच थुंकायचे. मी डब्यावर वाकायचो, जोरात खाकरायचो, लोटाभर पाणी वाया घालवायचो आणि खर्रा गालात तसाच ठेवून आत शिरायचो. आता कबूल करतो, खर्रा हे निमित्त होतं. मला भीती वाटायची. 'प्रभू, तूच माझा आधार' असं मोठ्याने म्हटलं, आणि त्याने उद्या खरंच विचारलं, की बाबा, सोडतोस का सगळं माझ्यावर... तर? तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. डेपोतल्या साहेबापुढे ही युक्ती चालायची, म्हणून देवापुढेही चालेल असं धरून चाललो होतो.

मग भाऊंच्या गालात आतून एक फोड आला, तो जाईचना. नागपूरला ऑपरेशन झालं, डावीकडचा अर्धा जबडा काढला. चार महिन्यांनी ते रविवारी पुन्हा दुकानात उभे राहिले तेव्हा सतरंजीवर कोणी मान वर करेना. चेहरा एका बाजूने आत गेलेला, ओठांतून लाळ गळायची, ती टिपायला खांद्यावर शर्टाच्या कापडाचा तुकडा. त्यांनी खंजिरी उचलली आणि गायला लागले. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे 'प्रभू'च्या जागी नुसतंच 'अहू' यायचं. पण आवाज पूर्ण छातीतून, डोळे मिटून. आणि मी? मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. कारण गेले पाच महिने मला भाजीतलं तिखट विस्तवासारखं झोंबत होतं आणि भाताचा मोठा घास तोंडात जात नव्हता. घरी सांगून ठेवलं होतं, दाढ दुखते. भाऊंच्या त्या चेहऱ्यावर मला माझाच चेहरा दिसायला लागला. गाणं संपायच्या आत "डेपोत ट्रक आला असंल" म्हणून मी उठलो. रविवारी डेपो बंद असतो, हे सगळ्या सतरंजीला माहीत होतं.

सोमवारी भाऊ डेपोवर हजर. बोलणं अस्पष्ट, पण कान लावला की कळायचं.

"तोंड उघड."

"काऊन जी?"

"उघड म्हणतो ना." माझीच तीन बोटं धरून त्यांनी माझ्या तोंडात घालायला लावली. धड तोंडात तिन्ही जातात; माझ्या दोनच गेली. "किती दिवस झाले?"

"चार-पाच दिवस झाले असतीन."

"दिवाकर, डब्यावर वाकून खोटं खाकरतं नं, तवाबी तुझा असाच आवाज निघते."

म्हणजे अकरा वर्षं त्यांना ठाऊक होतं...

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या डॉक्टरकडे निघालो. बसमध्ये त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि मी पळू नये म्हणून स्वतः बाहेरच्या बाजूला बसले. गडचिरोली मागे पडलं, नदीचा पूल गेला. म्हटलं, "भाऊ, माझ्यासाठी प्रार्थना करा."

"तू गा."

"भेव लागून राह्यला, भाऊ. रिपोर्ट चांगला आला का गाईन. शप्पथ."

त्यांनी लाळ पुसली. "भेव गेल्यावर गाईन म्हणशील तं कधीच नाई गाणार. मले काय भेव नाई? रोज सकाळी आरसा पाह्यतो तं पाय लटपटतात. भेवासंगट गा. देवाले तुझं भेव काई नवीन नाई."

मी खिशातली पुडी खिडकीबाहेर फेकली आणि त्याच तिरमिरीत गालातला खर्राही थुंकला. तो मागच्या खिडकीतल्या बाईच्या पदरावर गेला. तिने माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि त्या शिव्या चालू असतानाच मी सुरू केलं, 'तूच माझा आधार'... दोन बोटं उघडणाऱ्या तोंडाने, रडत, बेसूर, पण मोठ्याने. भाऊंनी समोरच्या सीटच्या दांडीवर ठेका धरला. कंडक्टर धावत आला. "काका, उलटी येऊन राह्यली का? गाडी थांबवू?"

भीती गेली नाही. डॉक्टरांनी तपासायला गालाचा तुकडा काढला तेव्हा होती, रिपोर्टची वाट पाहतानाही होती. पण तिच्यासकट तोंड उघडता येतं, एवढं कळलं होतं. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. "अजून नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'अजून'ने माझा खर्रा सुटला. आइसकांडीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची, असा व्यायाम सांगितला. काड्या भाऊंनीच बाजारातून गोळा करून, उकळून आणून दिल्या. माझं तोंड काडीकाडीने उघडत गेलं, आणि त्याच काळात भाऊंचं दुखणं उलटून त्यांचं तोंड दुसऱ्या बाजूने मिटत गेलं. शेवटच्या रविवारी त्यांना खंजिरी उचलवत नव्हती. ते सतरंजीवर बोटं वाजवत होते आणि गात मी होतो.

परवाच्या रविवारी दुकानात गेलो. भाऊंच्या पत्नी शांताबाई आता मशीन सरकवतात. डबा दारातच आहे. थुंकायला काही नव्हतं तरी सवयीने वाकलो, आणि पाय तिथेच अडकले. दोन दिवसांपासून जिभेच्या कडेला काहीतरी खुपत होतं... शांताबाईंनी मला पाहिलं आणि हातातली सतरंजी खाली ठेवली.

"उघडा."

मी उघडलं. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवून नीट पाहिलं, मग भाऊ लावायचे तशी तीन बोटं घालायला लावली. तिन्ही गेली. "दात लागला हाय. दुसरं काई नाई. चला आत."

खात्री पटली नव्हती. तरी पहिलं गाणं मीच सुरू केलं, डोळे मिटून, होता नव्हता तेवढा आवाज लावून. संपलं तेव्हा डोळे उघडले. शांताबाई भाऊंच्या खांद्यावरचा तो कापडाचा तुकडा खंजिरीवर पांघरत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तोंडाले इलाज भेटला, दिवाकरभाऊ. तुमच्या आवाजाले काई इलाज नाई."