मुजावरसाहेबांचा सहावा रकाना

कोणाचंही टेबल नकाशात काढायचं तर मुजावरसाहेब आधी त्या माणसाला उठवत आणि स्वतः त्याच्या खुर्चीत बसून बघत. खिडकीकडे बघत, पंख्याकडे बघत, चहा आला तर तोही घेत. एका खुर्चीला पंधरा मिनिटं. आमच्या कार्यालयात खुर्च्या एकशे बारा. हा गुणाकार मी त्यांना पहिल्याच दिवशी कागदावर करून दाखवला होता. "बरोबर आहे की ताई," म्हणाले आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.

आर. के. पुरममधलं आमचं सरकारी कार्यालय शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाणार होतं. कोण कुठे बसणार हे ठरवायचं काम माझ्याकडे, आणि आराखडा काढायला मुजावरसाहेब. मूळचे मिरजेचे, दिल्लीत तीस वर्षं, निवृत्तीला आठ महिने उरलेले. शुक्रवारच्या बैठकीत आराखडा ठेवला नाही, तर तो मजला दुसऱ्या विभागाला जाणार होता आणि आम्ही तळघरात.

ज्या प्रोग्रॅमवर हे काम चालायचं त्यात एक सोय आहे. टेबलाचा चौकोन काढला की त्याला माहिती जोडता येते. पडद्यावर दिसतो नुसता चौकोन. क्लिक केलं की शेजारी रकाने उघडतात. मी पाच रकाने ठरवून दिले होते: नाव, पद, फोन, संगणक क्रमांक, कपाट क्रमांक. मुजावरसाहेबांनी मला न विचारता सहावा जोडला. त्याचं नाव 'विशेष'.

एकदा सहज उघडून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "थपलियाल: ए.सी.खाली बसवल्यास मान धरते." "खन्ना व अरोरा: समोरासमोर नको. बोलणं बंद आहे. कारण विचारू नये." "जोसेफ: खिडकी द्यावी. सात वर्षांत एकदाही मागितलेली नाही."

"मुजावरसाहेब, हे सरकारी कागदात कुठे बसतं?"

"कागदात नाही बसत ताई, खुर्चीत बसतं."

अशा माणसाशी वाद कसा घालायचा? मी 'मुजावर – दररोज आठवण' अशी नोंद केली आणि दररोज आठवण केली. दररोज उत्तर एकच: "होतंय की. एवढी गडबड कशाला?"

गुरुवारी दुपारी सदतीस टेबलं काढायची राहिली होती आणि साहेब आस्थापना शाखेत कोणाच्या तरी खुर्चीत बसून लिंबू सरबत पीत होते. माझा संयम संपला. मी त्यांच्या संगणकावर बसले, हाताशी आलेलं एक भरलेलं टेबल उचललं, त्याच्या सदतीस प्रती काढल्या आणि माझ्या यादीतून पहिले पाच रकाने बदलत गेले. साडेपाचला काम पूर्ण. बटण दाबलं की सगळ्या चौकोनांतली माहिती काढून प्रोग्रॅम तक्ता करून देतो. तो बैठकीतल्या सगळ्यांना पाठवला, यादीत बरोबरची खूण केली आणि घरी गेले.

चौकोनाची प्रत काढली की आतली माहितीही प्रतीबरोबर जाते, हे मला माहीत होतं. सहावा रकाना मात्र मी विसरले.

बैठकीत सहसंचालकांनी तक्ता वाचला आणि चष्मा काढला. "मैडम, आपके यहाँ अड़तीस लोगों को दाएँ कान से सुनाई नहीं देता?"

सगळे हसले. मलाही चूक सापडल्याचं हायसं वाटलं. मी चटकन म्हणाले, "नहीं सर, कॉपी की गलती है. असली एंट्री एक ही है, बिमला देवी की."

हशा थांबला. चौकशी काउंटर सांभाळणाऱ्या बिमलादेवी माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या. सहा वर्षं त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. काउंटर जाईल ही भीती. सांगितलं होतं ते फक्त मुजावरसाहेबांना.

"फिर ये काउंटर पर क्यों हैं?" सहसंचालकांनी विचारलंच.

मुजावरसाहेब उभे राहिले. "सर, पूरी लाइन पढ़िए. दाईं तरफ दीवार, लोग बाईं तरफ से. मैंने कुर्सी की दिशा लिखी है. छह साल में एक शिकायत आई हो तो बताइए."

शिकायत नव्हती. "ठीक है, दीवार दे दो," सहसंचालक म्हणाले. काउंटर वाचलं. तक्ता दुरुस्त करायला आम्हाला सोमवारपर्यंत मुदत मिळाली, म्हणून मजलाही.

बैठक संपताच मुजावरसाहेब काउंटरवर गेले आणि रांगेतल्या लोकांसमोर म्हणाले, "बिमलाजी, गलती मेरी है. बिना पूछे लिख दिया."

"अब पूरी बिल्डिंग मेरे दाएँ खड़े हो के गाली देगी."

"मैं बाएँ आ के बता दूँगा, किसने दी."

सोमवारपासून बिमलादेवी त्यांच्याशी बोलू लागल्या. माझ्याशी नाही. त्याच दिवशी बघते तर सहावा रकाना एकशे बारा चौकोनांतून पुसलेला. मी चिडले. "अहो, निदान माझ्यासाठी एक प्रत ठेवायची!"

"तुमच्यासाठीच पुसला."

माझ्या यादीत 'बिमलादेवींशी बोलणे' ही ओळ होती. दर सोमवारी मी ती नीट अक्षरात नव्या पानावर उतरवत असे. निरोप समारंभाच्या दिवशी समोसा खाताखाता मुजावरसाहेबांनी माझ्या वहीत डोकावलं. "ताई, ही ओळ किती आठवडे पुढं ढकलणार? तोंड उघडायला काय होतंय?"

काही होत नव्हतं. नुसतं उघडत नव्हतं.

ते मिरजेला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले. बोलायची तीन वाक्यं आधी लिहून काढली होती. रांगेतल्या लोकांनी ऐकू नये म्हणून आतल्या दाराने गेले, बिमलादेवींची खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून उभी राहिले आणि हळू आवाजात तिन्ही वाक्यं म्हटली.

बिमलादेवी रजिस्टरमध्ये शिक्के मारत राहिल्या. माझी सावली कागदावर पडली तेव्हा त्यांनी मान वळवली.

"मैडम, उस तरफ तो दीवार ही सुनेगी. इधर आइए, लाइन में."

रांगेत माझ्यापुढे चारजण होते.