कोऱ्या आकाशातली तीट

१९३३ सालच्या दिवाळीनंतर रत्नागिरीतल्या तीन बायकांनी आपल्या हातच्या कामांचे प्रदर्शन गावोगाव न्यायचे ठरवले, तेव्हा सर्वांत जास्त उत्साह आनंदीबाईंना होता. आणि आठच दिवसांत सर्वांत जास्त वैतागल्याही त्याच.

त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. वय चाळिशीला टेकलेले. सोळाव्या वर्षी मुंबईच्या चित्रशाळेसाठी भरलेला त्यांचा अर्ज वडिलांनी टपालात टाकलाच नव्हता. पुढे तो पापडांच्या डब्याखाली सापडला. या गोष्टीविषयी आनंदीबाई कधी बोलत नसत. पण राजापूरच्या मुक्कामी मुंबईच्या एका महिला मंडळाच्या बाई येणार आहेत आणि तिघींच्या कामांतून एकच काम निवडून मुंबईच्या प्रदर्शनात नेणार आहेत, असे पत्र आले, तेव्हा त्यांनी ते चार वेळा वाचले.

नेण्याजोगे चित्र त्यांच्यापाशी होते. भाट्याच्या खाडीच्या तोंडावर पडलेले भर दुपारचे ऊन, जलरंगात, आठ महिने खपून काढलेले. खाली वाळू आणि एक उपडी होडी, वर नुसते आकाश. आकाश त्यांनी रंगवलेच नव्हते. कागद कोरा सोडला होता, आणि त्या कोऱ्या कागदातूनच ऊन डोळ्यांवर येई.

सोबतच्या दोघींनी मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आणला. मथुरा कशिदा काढी. पांढऱ्या रुमालावर तिने भरलेला मोर पाहून लोक थबकत; पण मथुरा भिंतीवर टांगलेला रुमाल पुन्हा उतरवी आणि कोपऱ्यात बसून उसवू लागे.

"मथुरे, लोक बघायला आलेत ना!" आनंदीबाई म्हणत.

"आलेच वैनी. मान जरा वाकडी झालीय मोराची. दोन टाके उसवते नि लगेच भरते."

यमुनाबाई साठीच्या. त्यांची रांगोळी पेटीत घालून नेता येत नसे, म्हणून प्रत्येक गावी ती नव्याने काढायची. आणि स्नान-पूजा आटोपल्याखेरीज त्या चिमूट उचलत नसत. मालगुंडला दारातली अर्धवट रांगोळी ओलांडायची कशी, म्हणून सारा गाव तासभर दाराबाहेर उभा राहिला होता.

मालगुंडलाच एक बाई आनंदीबाईंच्या चित्रासमोर खिळून उभी राहिली. "बाई गो, ऊन लागतंय!" असे म्हणत तिने पदराने कपाळ पुसले. परतताना जांभ्या दगडाच्या खाचेत बैलगाडीचे चाक गचकले आणि सगळ्या सामानात नेमकी त्याच चित्राची काच फुटली.

"चित्र वाचलं, एवढं पुष्कळ," आनंदीबाई म्हणाल्या.

"वाचलं खरं. पण त्या बाईने पापणी लवू दिली नाही गो, मी बघत होत्ये," यमुनाबाई म्हणाल्या.

आनंदीबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. राजापुरात त्या मापाची काच मिळाली नाही, तेव्हा त्यांनी चित्र उघडेच टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सभागृहात आल्या तो आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तुरीच्या दाण्याएवढा काळाभोर ठिपका.

"यमुनाबाई!"

"दृष्ट नको लागायला. काच असती तर तीट काचेवरच लावली असती."

आनंदीबाईंनी पदराच्या टोकाने ठिपका टिपला, तो लांबला. काजळ घरचे, साजूक तुपात खललेले. तूप कागदात मुरून भोवती पिवळसर कडे धरू लागले होते. त्यावर पाण्याचा रंग बसणार नाही, हे शाळेतल्या पोरींनाही त्या शिकवीत.

"मग तुमच्या रांगोळीला का नाही लावलीत? मथुरेच्या मोराला का नाही? माझंच आकाश सापडलं?"

"अगो, आमच्याला कोण दृष्ट लावणार?" यमुनाबाई साधेपणाने म्हणाल्या. "घरोघरच्या बायका काढतात तेच आम्ही काढतो. लावायची तर तुझ्यालाच."

मथुरेनेही सुई थांबवून मान डोलावली. हे कौतुकच आहे, हे कळून आनंदीबाईंना अधिकच वैताग आला.

मुंबईच्या बाई अकराला आल्या. चित्रासमोर बराच वेळ थांबल्या.

"आकाश कोरं सोडलंत, हे फार आवडलं. पण हा डाग? तेवढा काढून द्या, आजच घेऊन जाते."

यमुनाबाईंचे हात पदराखाली गेले. आनंदीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले.

"निघणार नाही तो. तूप मुरलंय."

"अरेरे! कुणी केलं हे?"

"प्रवासात झालं."

बाईंनी हळहळून पुढे पाऊल टाकले आणि अखेर मथुरेचा मोर निवडला. मथुरा इतकी गोंधळली की, "त्याची मान वाकडी आहे हो," असेच ती पहिल्यांदा बोलून गेली.

दुपारी बांधाबांध चालली होती. आनंदीबाई आपल्या चित्राला दोरी बांधत होत्या. एकच गाठ त्यांना तीनदा सोडावी लागली. मथुरेने रुमाल मलमलीत गुंडाळायला घेतला, तोच मागे काजळाच्या डबीचे झाकण वाजले.

"थांब मथुरे," यमुनाबाई म्हणाल्या. "आता ही वस्तू मुंबईला चालली. शेकडो डोळे पडणार तिच्यावर."

काजळाचे बोट पांढऱ्या कापडापासून दोन अंगुळांवर आले असताना आनंदीबाईंनी धावत जाऊन त्यांचे मनगट धरले.

"मागून! मागच्या बाजूने लावा! तान्ह्या पोराला कानामागे लावता ना?"

यमुनाबाई थबकल्या. "कानामागेही चालते की," त्या विचार करून म्हणाल्या.

"मग हे सकाळी का नाही सुचलं तुम्हाला?"

"तू तरी सांगितलंस कुठे?"

आनंदीबाईंनी रुमाल मथुरेच्या हातून काढून उलटा केला आणि पुढे उमटणार नाही अशी जागा शोधू लागल्या. मोराच्या पोटामागे धागे दाट भरलेले होते. तिथे त्यांनी नख टेकवले.

"इथे. आणि थोडंच."